मसाई मारातले शेवटचे दोन दिवस: सकाळी दहाच्या गेटपासून मुंबईच्या आरोग्य काउंटरपर्यंत

केनियाच्या बहुतेक सहलींत मसाई मारा हे अभयारण्य शेवटी ठेवतात. आंबोसेली, नाकुरू, नायवाशा करत गाडी माराला पोचते, तिथे दोन-तीन मुक्काम होतात आणि मग नैरोबीमार्गे परत. हा क्रम बरोबरच आहे, कारण मारा आधी पाहिला की बाकीचं फिकं वाटतं. पण त्यामुळे सहलीतला सर्वांत महाग आणि नियमांनी सर्वांत जखडलेला भाग नेमका थकलेल्या माणसांच्या वाट्याला येतो. या दोन दिवसांचं गणित माराच्या तिकिटापासून मांडायचं, विमानाची वेळ मग त्यात बसवायची.

माराचं तिकीट नारोक काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचं असतं. २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर असा दर आहे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्या बारा तासांचं. तुमचा कॅम्प अभयारण्याच्या हद्दीत असेल तर निघायच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडावं लागतं. दहा वाजून गेले तर नव्या दिवसाचे पैसे. चार जणांच्या कुटुंबाला सप्टेंबरमध्ये अर्ध्या तासाच्या उशिराची किंमत ८०० डॉलरपर्यंत जाऊ शकते. कॅम्प हद्दीबाहेर असेल, सेकेनानी किंवा तालेक गेटच्या अलीकडे, तर गोष्ट वेगळी: शेवटच्या सकाळी आत शिरायचं म्हटलं की पूर्ण तिकीट लागतं. म्हणून बाहेरच्या स्वस्त कॅम्पच्या कार्यक्रमात शेवटची सकाळ ‘नाश्ता करून नैरोबीकडे प्रस्थान’ अशी असते. ती आयोजकाची चलाखी नसते, हिशेब तसाच असतो. आतल्या कॅम्पचं जास्तीचं भाडं देताना ही एक फुकटची सकाळ त्यात मोजावी.

आता आदल्या दिवसाचं. पूर्ण दिवस हातात असलेला हा शेवटचा, त्यामुळे हवं ते सगळं त्यात कोंबायचा मोह होतो. बलूनची फेरी असेल तर ती याच सकाळी किंवा त्याच्याही आधी घ्यावी, निघायच्या दिवशी कधीच नाही. कारणं दोन. बलूनवाले पहाटे साडेचार-पाचला न्यायला येतात, उड्डाण सूर्योदयाला, हवेत साधारण तासभर, मग माळावर नाश्ता. कॅम्पवर परत येईतो नऊ-साडेनऊ. तिथून सामान घेऊन दहाला गेट गाठणं बहुतेक कॅम्पांतून अशक्य. दुसरं कारण वाऱ्याचं. वारा किंवा पाऊस असला की उड्डाण रद्द होतं, आणि दुसरी सकाळ शिल्लक असेल तरच पुन्हा संधी मिळते. शेवटच्या सकाळी बलून लावणारा आयोजक एकतर नवखा असतो किंवा त्याला पैसे परत करायची सवय असते.

जुलै ते ऑक्टोबरमध्ये विल्डबीस्टचे (गाईसारख्या दिसणाऱ्या मोठ्या हरणांचे) कळप मारात असतात आणि त्यांचं मारा नदी ओलांडतानाचं दृश्य बघायला सगळ्यांची धडपड असते. त्यासाठी दिवसच काढावा लागतो. कळप काठावर येतो, दोन तास उभा राहतो, आणि पहिल्याने पाय टाकला नाही तर सगळा मागे फिरतो. दुपारच्या जेवणाला कॅम्पवर परतायचं ठरवलं की ओलांडणं हमखास तुमच्या पाठीमागे होतं. म्हणून डबा बरोबर. डब्याचं आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात सांगायचं, आणि नुसतं ‘व्हेज’ म्हणून थांबायचं नाही. अंडं चालतं का, कांदा-लसूण चालतो का, हे नावासकट लिहून द्यावं. नाहीतर नेहमीचा डबा येतो: उकडलेलं अंडं, कोंबडीचा तुकडा, सँडविच, केळं आणि रसाचा खोका. जैन माणसाला त्यातलं केळंच उरतं. कळप नदीवर असताना आपली गाडी काठापासून मागे, झाडीच्या आडोशाला ठेवावी. काठावर गाड्यांची भिंत झाली की प्राणी उतरत नाहीत, आणि ती भिंत उभी करण्यात प्रवाशांच्या ‘जरा पुढे घ्या ना’चा वाटा मोठा असतो.

शेवटच्या दिवशी गाडीत एक वाक्य ऐकू येतंच: “बिबट्या तेवढा राहिला.” चालकासमोर ते दहा वेळा म्हणू नये. चालकाला टिप मिळायची असते शेवटी, त्यामुळे तो या वाक्याने दबतो आणि रस्ता सोडून गवतात गाडी घालतो. अभयारण्यात रस्ता सोडायला बंदी आहे, रेंजर दंड करतात, आणि गवतात लपलेल्या दगडाने किंवा वाळवीच्या वारुळाने टायर फाटतो ते वेगळं. मार्जारकुळातल्या प्राण्याभोवती एका वेळी पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत असाही नियम आहे. बाकीच्यांनी लांब थांबून पाळी घ्यायची. बिबट्या हवाच असेल तर सकाळी पहिला तास आणि संध्याकाळी शेवटचा तास तालेक नदीच्या काठची झाडी हळूहळू धुंडाळावी. भर दुपारी त्याच्या मागे पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. अभयारण्याला लागून असलेल्या मारा नॉर्थ, नाबोइशो अशा कॉन्झर्व्हन्सींत (स्थानिक मसाईंच्या जमिनीवरच्या खाजगी राखीव क्षेत्रांत) रात्रीची फेरी आणि पायी फिरणं चालतं, मुख्य अभयारण्यात नाही. तिथल्या कॅम्पमध्ये राहणाऱ्यांनी रात्रीची फेरी याच दिवशी उरकावी.

आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीमुळे बरेच मराठी लोक एप्रिल-मेमध्ये जातात. दर अर्धा, गर्दी नाही, गवत हिरवंगार. पण तो तिकडचा मोठ्या पावसाचा काळ. माराची काळी माती म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या जमिनीची सख्खी बहीण: सुकली की भेगा, भिजली की लोणी. छप्पर उघडणाऱ्या ज्या व्हॅन असतात त्यांतल्या बऱ्याच दोनच चाकांच्या जोरावर चालतात आणि या चिखलात रुततात. लँड क्रूझरही रुतते, फक्त उशिरा. कोरडे दिसणारे ओढे, ज्यांना तिकडे ‘लुग्गा’ म्हणतात, तासाभराच्या पावसात गाडी घालता येणार नाही इतके भरतात. म्हणून या दोन महिन्यांत शेवटच्या सकाळच्या फेरीत गेटपासून लांब जायचंच नाही, आणि दहाच्या गेटसाठी साडेनऊचं लक्ष्य ठेवायचं.

आदल्या संध्याकाळी कॅम्पवर परतल्यावर कामं बरीच असतात आणि वीज थोडी. बऱ्याच तंबूंच्या कॅम्पमध्ये जनरेटर किंवा सौर वीज ठरावीक तासच असते, साधारण संध्याकाळी सहा ते रात्री दहा-अकरा. आल्याआल्या आधी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि फोन चार्जिंगला, मग आंघोळ. केनियात ब्रिटिश पद्धतीचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट असतात. आपला गोल पिनांचा प्लग त्यात बसत नाही, अॅडॉप्टर लागतोच. फोटोंची दुसरी प्रत आजच काढावी आणि ती कार्डांपासून वेगळ्या पिशवीत ठेवावी. कार्ड रिकामं करून पुन्हा वापरायचा उद्योग मुंबईला पोचेपर्यंत करू नये. लेन्सवरची धूळ आधी रबरी फुंकणीने उडवायची, मग कापड. उलट केलं तर माराची बारीक वाळू काचेवर घासली जाते.

कॅमेरा टेकवायला धान्य भरलेली बीनबॅग वापरली असेल तर त्यातले तांदूळ किंवा डाळ-कडधान्य कॅम्पच्या स्वयंपाकघरात देऊन टाका आणि रिकामी पिशवी घडी करून आणा. धान्य-बियाणं भारतात आणायला वनस्पती संगरोधाचे नियम आडवे येतात. मळके कपडे भरायला कापडी पिशव्या न्याव्यात. केनियात २०१७ च्या ऑगस्टपासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि २०२० च्या जूनपासून अभयारण्यांत एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवरही.

हिशेबही रात्रीच मिटवावा. पेयं, कपडे धुणं यांचं बिल सकाळी सहाला मागितलं तर मोजणारा माणूस जागेवर नसतो. टिपचं म्हणाल तर कॅम्पच्या स्वागतकक्षात एक पेटी असते. तिच्यातले पैसे स्वयंपाकी, साफसफाईवाले, रात्री कंदील घेऊन तंबूपर्यंत सोडायला येणारे पहारेकरी अशा सगळ्यांत वाटले जातात. माणशी रात्रीला पाच डॉलरच्या आसपास हा आमचा हिशेब. चालक-मार्गदर्शकाची टिप वेगळी, माणशी दिवसाला दहा डॉलर, आणि ती त्याच्या हातात, निरोपाच्या वेळी. कंपनीच्या ऑफिसात देऊ नये. नोटा मात्र बघून घ्या. जुन्या डॉलरच्या नोटा, २००९ च्या आधीच्या तर नक्कीच, तिकडे कोणी घेत नाही, आणि हल्ली २०१३ च्या आधीच्या नोटांनाही नकार मिळतो. फाटलेली किंवा शाईची खूण असलेली नोट चालत नाही. एक-एक डॉलरच्या गड्डीला बँकेत कमी दर मिळतो, त्यामुळे तेवढीच रक्कम शिलिंगमध्ये दिलेली माणसाला जास्त उपयोगी पडते.

निघायच्या सकाळी सामान गाडीत भरूनच फेरीला जायचं. पहाटे साडेपाचला चहा, सहाला गाडी, नाश्ता डब्यात. ‘फेरी मारून परत येऊन खोली सोडू’ हा बेत आतल्या कॅम्पमध्ये जमतो, पण त्यात गेटसाठी राखलेला तास जातो. सामान आधी चढवलं की फेरीच गेटच्या दिशेने आखता येते. सेकेनानीकडे निघताना वाटेवरच्या माळावर सकाळी आठच्या आत चित्ता दिसायची शक्यता चांगली असते. उघड्या गवतात उंचवट्यावर बसून तो टेहळणी करतो. मारा नदीच्या पश्चिमेकडच्या मारा ट्रँगलमध्ये मुक्काम असेल तर ओलोलोलो गेटने बाहेर पडलं की नैरोबीच्या प्रवासात दीड-दोन तासांची भर पडते. तिथल्या लोकांनी शेवटची फेरी सोडलेली बरी, किंवा विमानाने परतावं.

सेकेनानी गेटवर गाडी कागदपत्रांसाठी थांबली की मसाई बायका मण्यांच्या माळा घेऊन खिडकीशी येतात. घ्यायचं असेल तर खिडकीतून नको, उतरून घ्यावं. भाव पहिल्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येतो. घ्यायचं नसेल तर ‘हापाना, असांते’ (नको, धन्यवाद) एवढं म्हणून काच वर करावी. हातात घेऊन बघितलेली माळ परत देणं अवघड जातं.

सेकेनानीहून नारोक, नारोकहून माई माहियू, तिथून घाट चढून नैरोबी: एकूण साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. कागदावर पाच तास, प्रत्यक्षात सहा धरा. गेटपासून नारोकपर्यंतचा रस्ता पूर्वी कंबरडं मोडणारा होता, आता डांबरी आहे. नारोकला पेट्रोलपंपावर स्वच्छतागृह बरं मिळतं, ते चुकवू नये, कारण पुढे लांबवर सोय नाही. डाव्या-उजव्या हाताला गव्हाची शेतं, मग सुस्वा आणि लाँगोनॉट हे सध्या शांत असलेले ज्वालामुखी, आणि माई माहियूला दरीचा तळ. तिथून रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर चढणारा घाट सुरू होतो. पायथ्याजवळ रस्त्याकडेला एक इवलंसं चर्च आहे, दुसऱ्या महायुद्धात हा रस्ता बांधणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी १९४२ मध्ये उभारलेलं. बघायला पाच मिनिटं पुरतात.

प्रवास बिघडतो तो याच घाटात. युगांडाकडे जाणारे-येणारे मालट्रक एकेरी रांगेत चढत असतात, एक बंद पडला की दोन्हीकडची वाहतूक खोळंबते. अर्धा तास किंवा तीन तास, काही सांगता येत नाही. वर दरीच्या कडेला दुकानं आहेत. दृश्य फुकट, चहा बरा, वस्तू नैरोबीपेक्षा महाग.

म्हणून संध्याकाळी पाचचं विमान असेल तर त्याच दिवशी मारातून रस्त्याने येऊ नये. सहाला निघालात आणि फेरी न करता सरळ आलात तर दुपारी एकपर्यंत विमानतळ गाठता येतं, हे खरं. पण एक ट्रक आडवा आला की ते संपतं. रात्री दहानंतरचं विमान असेल तर चालेल. नाहीतर नैरोबीत एक मुक्काम ठेवावा. त्याचा खर्च चुकलेल्या विमानाच्या नव्या तिकिटापेक्षा नेहमीच कमी असतो. थेट विमानतळावर जायचं असेल तर चालकाला किकुयूहून सदर्न बायपास घ्यायला सांगावं. तो शहराला वळसा घालून मोंबासा रोडला मिळतो.

छोट्या विमानाने परतणाऱ्यांचं त्रांगडं वेगळं. मारात केकोरोक, ओल किओम्बो, मारा सेरेना अशा छोट्या धावपट्ट्या आहेत आणि तिथून नैरोबीच्या विल्सन विमानतळावर पाऊण तासात पोचता येतं. विमान वाटेत दुसऱ्या धावपट्ट्यांवर माणसं उचलत गेलं तर सव्वा-दीड तास. सामान हातातल्या पिशवीसकट माणशी १५ किलो, आणि बॅग मऊ हवी, कारण पोटातल्या कप्प्यात चाकांची कडक सुटकेस शिरत नाही. मोठी बॅग आधीच नैरोबीच्या हॉटेलात ठेवून यावी. धावपट्टीवर झेब्रे असतील तर कॅम्पची गाडी आधी एक चक्कर मारून त्यांना हाकलते, ही शेवटची सफारी म्हणायची. विल्सनला उतरल्यावर आंतरराष्ट्रीय विमान जोमो केन्याटा विमानतळावरून असतं. दोन्हीत अंतर वीसेक किलोमीटर, वेळ अर्धा तास ते दीड तास. दोन विमानांमध्ये किमान पाच तास ठेवावेत.

नैरोबीत अर्धा दिवस मिळाला तर काय करावं? शेल्ड्रिक ट्रस्टचा अनाथ हत्तींचा गोठा सकाळी ११ ते १२ एवढाच तास लोकांना खुला असतो आणि आधी नोंदणी लागते. मारातून त्याच दिवशी निघून तो गाठता येत नाही, त्यामुळे मुक्काम केलेल्यांसाठीच. जिराफ सेंटर दिवसभर उघडं असतं, म्हणून ते हत्तींनंतर. जेवणाला पार्कलँड्स भागात गुजराती वस्ती मोठी. तिथे थाळी, ढोकळा, पाणीपुरी सगळं मिळतं, आणि आठवडाभर बुफे खाल्लेल्या ज्येष्ठांचे चेहरे तिथेच उजळतात.

खरेदीबद्दल एकच सांगायचं. लाकडी कोरीव काम, किसी भागातल्या साबणदगडाच्या (मऊ दगडाच्या) वस्तू, मणी, मसाई शुका (चौकड्यांची शाल), चहा, भाजलेली कॉफी बिनधास्त घ्या. हाड, दात, शिंग, कातडं, पीस, कवच यांतलं काहीही, रस्त्यात पडलेलं सापडलं तरी, घेऊ नका. केनियात त्यावर कडक शिक्षा आहे आणि आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा उभा आहे. कातडं ताणलेला ढोल दुकानात राजरोस मिळतो, तोही टाळलेला बरा. हिरवी कॉफी बियाण्यात जमा होते, ती नको. लाकडी वस्तूला साल लागलेली असेल किंवा खाली भुसा पडत असेल तर कीड आहे असं समजा. उरलेले शिलिंग तिथेच खर्चून टाका, मुंबईत त्यांना गिऱ्हाईक नाही.

विमानतळावर तीन तास आधी पोचायचं. इमारतीत शिरताना सामानाची तपासणी, मग चेक-इन, इमिग्रेशन, आणि पुढे पुन्हा तपासणी. पॉवरबँक हातातल्या बॅगेत. पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं पुस्तकही हातातच, पासपोर्टला लावून. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचा काउंटर असतो आणि केनियाहून आलेल्यांना ते दाखवावं लागतं. बॅग तेव्हा पट्ट्यावर फिरत असते, त्यामुळे आत ठेवलेल्या पुस्तकाचा उपयोग शून्य. लस घेऊन दहा दिवस झाल्यावर प्रमाणपत्र वैध होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. पासपोर्ट नवा काढला असेल तर पुस्तकावर जुना क्रमांक राहतो. तेव्हा जुना पासपोर्टही बरोबर ठेवावा. वैद्यकीय कारणाने लस न घेतलेल्यांनी या परतीच्या अडचणीचा निकाल भारतातून निघण्याआधीच विमानतळ आरोग्य अधिकाऱ्यांकडे विचारून लावावा.

घड्याळ अडीच तास पुढे करायचं, आणि मलेरियाच्या गोळ्या चालू ठेवायच्या. सर्वांत जास्त माणसं चुकतात ती इथेच. मुंबईत उतरले की गोळी बंद. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेत असाल तर मलेरियाचा भाग सोडल्यावर आणखी सात दिवस, डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर चार आठवडे. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. गोळ्या पुऱ्या करूनही पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आफ्रिकेत जाऊन आलोय’ हेच सांगायचं. ऑगस्ट ते ऑक्टोबरात परतलेल्यांच्या तापाला आपल्याकडे आधी डेंग्यूच समजलं जातं, आणि आफ्रिकेतला फाल्सिपेरम मलेरिया वाट बघण्यासारखा आजार नाही. रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि तीही निगेटिव्ह आली तर तिसऱ्यांदा.